राणी कशावरून?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, त्या संध्याकाळी आमच्या परसात धुण्याच्या दगडाजवळ मला एक मुंगी दिसली. एकटीच होती.

एकटी मुंगीही सहसा कुठून तरी आलेली आणि कुठं तरी निघालेली असते. हिचं तसं नव्हतं. चार पावलं चालायची, थांबायची, ओली माती हुंगायची, परत वळायची. मागंपुढं कुणी नाही. अंगानं ती आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंगळ्यांपेक्षा मोठी. पट्टी धरून पाहिली तर दीड सेंटिमीटरच्या थोडी पुढं गेली. रंग काळा, पोट लांबट आणि जड.

"काय बघायलीस गं एवढं वाकून?" आईनं आतून विचारलं.

"मुंगी."

"घरात कमी आहेत का?"

आईचा प्रश्न रास्त होता. मे महिनाभर आम्ही दोघी मिळून मुंग्यांशी लढत होतो. ओट्याच्या कडेनं खडूच्या रेषा मारल्या होत्या. साखरेच्या डब्याखाली सापडलेल्या किती मुंग्या मी ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या, त्याचा हिशोब नाही. पण या एका मुंगीसाठी मी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली शोधून आणली, आणि तिला अलगद आत घेतलं.

का? कारण मला शंका आली होती की ही राणी असावी.

या लेखात मला त्या शंकेबद्दलच बोलायचं आहे. ती राणी आहे हे मी कसं ओळखलं, हा पहिला भाग. राणी निघाली म्हणून तिच्याशी मी वेगळं का वागले, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एका रात्रीत मिळालं. दुसऱ्यावर अजून विचार करते आहे.

आधी सोपं ते सांगते. फोनच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून शोधलं तर 'काळी मुंगी' एवढंच कळलं. ते मलाही दिसत होतं. मग वाचायला बसले आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की बहुतेक जण डोकं बघून फसतात. मुंगळ्यांच्या वारुळात कामकरी एका मापाच्या नसतात. काही लहान, काही मध्यम आणि काहींचं डोकं एवढं मोठं असतं की बघणाऱ्याला वाटतं, हीच राणी. ती राणी नसते. तीही कामकरीच. मोठं डोकं म्हणजे मोठे जबडे आणि ते ओढणारे मोठे स्नायू, बस.

राणी ओळखायची तर डोकं आणि पोट यांच्या मधला भाग बघायचा. कामकरी मुंगीचा तो भाग अरुंद असतो, कारण तिला कधी उडायचंच नसतं. राणीचा भाग मात्र रुंद, फुगीर, वरून ढालीसारखा दिसतो. आत पंख हलवणारे स्नायू असतात. पंख नसतील तर त्यांच्या खुणा शोधायच्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन. शिवाय कपाळावर तीन बारीक ठिपके असतात. ते साधे डोळे. मुंगळ्यांच्या कामकरींना ते सहसा नसतात. आणि पावसानंतर दिव्याभोवती जमणारे सगळे पंखवाले किडे म्हणजे मुंग्या नव्हेत. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात आणि तिला मुंगीसारखी बारीक कंबर नसते.

बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं. बाटली पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे ती थंडावून स्थिर बसेल. मग बघितलं. रुंद खांदे होते. पंख तुटल्याच्या खुणा होत्या. कपाळावर तीन ठिपके होते. राणीच.

ही कुठून आली तेही कळलं. पाऊस पडून हवा दमट झाली की वारुळांतून पंखवाल्या माद्या आणि नर बाहेर पडतात. मीलन होतं. नर थोड्याच वेळात मरतात. मादी जमिनीवर उतरते आणि स्वतःचे पंख स्वतःच पाडते. मग ओल्या मातीत खोली खणून स्वतःला आत बंद करून घेते. कितीतरी आठवडे ती काही खात नाही. उडायचे जे स्नायू आता लागणार नाहीत, तेच शरीर विरघळवतं आणि त्यावर ती पहिली पिल्लं वाढवते. नराकडून एकदाच मिळालेलं बीज ती पोटात साठवते आणि आयुष्यभर पुरवते. आणि आयुष्य केवढं, तर इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी 1874 मध्ये पाळायला घेतलेली एक राणी 1888 पर्यंत जगली होती.

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं आपल्याकडं म्हणतात. बरोबरच आहे. बहुतेक राण्या खोली खणण्याआधीच पालीच्या, बेडकाच्या, चिमणीच्या नाही तर दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात. माझी अजून वाचलेली होती, एवढंच.

आणि एक गंमत. वारुळातून अन्न शोधत फिरणारे सगळे मुंगळे माद्या असतात, एका राणीच्या मुली. आपण मात्र 'तो मुंगळा' म्हणतो. थोराड दिसला, चावला, की तो पुल्लिंगी. शतकानुशतकं गुळाच्या ढेपेवर चढलेल्या बायकांना आपण पुरुष समजत आलो.

आता दुसरा भाग.

मी सत्तावीस वर्षांची आहे. पुण्यातली नोकरी सोडून दोन महिन्यांसाठी जुळे सोलापुरातल्या घरी आले होते. नोकरी नाही आणि मुलगी घरात आहे, हे दोन्ही एकदम जुळून आलं की नातेवाइकांना स्थळं आठवतात. त्याच आठवड्यात मामा एक स्थळ घेऊन आला. मुलाकडं बंगला, शेती, दोन गाड्या. मामा प्रेमळ आहे, त्यानं काही वाईट सांगितलं नाही. तो म्हणाला, "काम करायची गरजच नाही गं तिथं. राणीसारखी राहशील."

बाटली तेव्हा खिडकीत, फडक्याखाली अंधारात होती.

मला हसू आलं आणि मग येईना. 'राणीसारखी' म्हणजे कशी, ते मी गेले तीन दिवस वाचत होते. मुंग्यांची राणी राज्य करत नाही. ती कुणाला हुकूम देत नाही. कुणी कुठं जायचं, कुणी पिल्लं सांभाळायची, कुणी माती उपसायची, हे तिच्या तोंडून ठरत नाही. कामकरी मुंग्या एकमेकींना भेटून, हुंगून, समोर आलेलं काम बघून ते आपापसात करत राहतात. राणीचं काम अंडी घालायचं. वारूळ हलवायची वेळ आली तर ते ठरवणारी ती नसते.

मग तिला राणी म्हटलं कुणी? माणसानं. आणि त्याच्याही आधी राजा म्हटलं होतं. मधमाश्यांच्या पोळ्यातली मोठी माशी हा राजा आहे, असं ॲरिस्टॉटलच्या काळापासून युरोपात मानत. आपल्याकडं प्रश्नोपनिषदातही मधमाश्यांचा राजाच येतो. तो उठला की सगळ्या उठतात. म्हणजे दोन हजार वर्षं लोक पोळं बघत होते, मध काढत होते, पण मधोमध बसलेली ही बाई असेल असं फार थोड्यांना वाटलं. 1609 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स बटलर यांनी पुस्तक लिहून ती राणी असल्याचं ठासून सांगितलं. त्याच शतकात पुढं हॉलंडच्या यान स्वामरडाम यांनी 'राजा' कापून भिंगाखाली बघितला, तर आत अंडाशय निघालं.

यातली मला बोचलेली गोष्ट अशी. तो 'राजा' समजला जात होता तोवर तो पोळ्यावर राज्य करत होता. ती बाई आहे हे कळल्यावर पदवी राहिली, पण हळूहळू कळत गेलं की राज्य तिथं नव्हतंच. आपण प्राण्याला ओळखतो असं म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा आपल्या घरातली उतरंड त्याच्या घरात ठेवून येतो.

बहुतेक जातींत राणी आणि कामकरी एकाच तऱ्हेच्या अंड्यांतून येतात. अळीला किती आणि काय खायला मिळालं, वारुळाची स्थिती काय होती, यावर बरंचसं ठरतं. आपल्या देशात डायकामा नावाच्या मुंग्या आहेत. त्यांच्यात राणी नावाचा वेगळा देहच नसतो. प्रत्येक कामकरी जन्मते तेव्हा तिच्या पाठीशी पंखांच्या जागी दोन इवले कोंब असतात. ज्यांचे ते कोंब शाबूत राहतात त्यांतली एक अंडी घालणारी होते, आणि ती बाकीच्या नव्या मुंग्यांचे कोंब चावून तोडते. कोंब तुटले की ती आयुष्यभराची कामकरी. म्हणजे आपण जिला जन्माची ओळख म्हणतो, ती तिथं जन्मानंतर कुणी तरी केलेली असते.

हे वाचल्यावर माझी मलाच थोडी लाज वाटली. ओट्यावर पुसून टाकलेल्या मुंग्या आणि ही बाटलीतली, यांच्यात फरक काय? कदाचित अळी असताना मिळालेल्या चार घासांचा. तरी एकीला मी फडक्यानं पुसलं आणि दुसरीला ओल्या कापसावर ठेवलं. राणी म्हणून. मामा जे माझ्याशी करत होता, तेच मी उलट बाजूनं करत होते. पदवी बघून माया.

पण गोष्ट इथंही थांबत नाही, कारण मला तिचं पूर्ण नाव हवं होतं. राणी, पण कुठली?

लक्षणं मुंगळ्याची होती. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. हे नाव यातल्या 'कॉम्प्रेसस'पुरतं 1787 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी दिलं. अर्थ साधारण 'चेपलेला'. पण कॅम्पोनोटस या कुळात जाती भरपूर आहेत, आणि एकट्या राणीवरून जात सांगणं अवघड असतं. ओळखीची पुस्तकं बहुतकरून कामकरींच्या अंगावरून लिहिलेली असतात. मी कॉलेजातल्या जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "बहुतेक तीच. खात्री हवी असेल तर अल्कोहोलमध्ये टाक आणि पाठव. सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो."

सर चुकीचं बोलले नव्हते. आपल्याला मुंग्यांबद्दल जे माहीत आहे, ते असंच माहीत झालं आहे. मुंबई इलाख्यातले जंगल अधिकारी रॉटन यांनी 1892 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात 'आपल्या मुंग्या' अशा अर्थाच्या मथळ्याखाली लिहिलं. ते मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या ऑग्यूस्त फोरेल यांच्याकडं पाठवत. तिथं त्यांना नावं मिळत. काही जातींच्या नावात आज रॉटन आहेत. 1903 मध्ये बिंगहॅम यांनी ब्रिटिश भारतातल्या मुंग्यांवर जाड ग्रंथ काढला. टाचणीवर टोचलेल्या त्या मुंग्या नसत्या, तर माझ्या हातात भिंग असून मला काहीच दिसलं नसतं. त्यामुळं 'मारून ओळखणं वाईट' असं म्हणायचा अधिकार मला नाही. मी त्याच ओळखीच्या जिवावर बोलते आहे.

तरी माझ्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. विज्ञानाला माझ्या परसातल्या या एका राणीची गरज नव्हती. मुंगळा ही अगदी नेहमीची जात. गरज माझी होती, 'बहुतेक'च्या जागी 'नक्की' म्हणता यावं एवढ्यापुरती.

मराठीत आपण 'ओळख पटवणे' म्हणतो. पेपरात हा शब्द बहुधा कुठं भेटतो? 'मृतदेहाची ओळख पटली.' आणि 'ओळख होणे' म्हणतो ते जिवंत माणसाबद्दल. पुढं 'ओळख ठेवणे' आहे. म्हणजे भेट संपल्यावरही विसरू नये, प्रसंगी कामी यावं. एकाच शब्दाचे हे तीन मजले. पहिल्यावर समोरच्यानं काही करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं. तिसऱ्यावर करायचं ते सगळं आपल्याला.

स्थळ बघायला येतात तेव्हाही कागदावर उंची असते, वर्ण असतो, शिक्षण असतं. तेही ओळख पटवणंच. खोटं त्यात काही नसतं. माझी उंची खरंच तेवढी आहे.

मी सरांना नको म्हटलं.

मग उरला प्रश्न ठेवायचं की सोडायचं. ठेवण्याच्या बाजूनं भक्कम मुद्दा होता. बाहेर ती मरणार, जवळजवळ नक्की. बाटलीत पाल नाही, बेडूक नाही, कापूस ओला आहे. तिथं ती पिल्लं काढेल, वर्षानुवर्षं जगेल. जगात कितीतरी लोक हौसेनं अशा राण्या पाळतात आणि नीट पाळतात. 'बाहेर धोका आहे, आत सुखात राहशील.' हे वाक्य मनात पुरं व्हायच्या आधीच मला मामाचा आवाज ऐकू आला, आणि मी ठरवून टाकलं की सोडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या ठरवण्याबद्दलच शंका आली. मी तिला सोडत होते की स्वतःला? तिला मोकळं आभाळ नको होतं. आभाळ तिचं झालं होतं, पंख तिनं स्वतः पाडले होते. तिला हवी होती अंधारी, ओली, बंद खोली. माझी बाटली जवळजवळ तीच होती. बंद खोली माझ्या दृष्टीनं तुरुंग असेल, तिच्या दृष्टीनं ती सुरुवात होती. तिच्या जागी स्वतःला बघून मी तिच्यावर दया करत होते, आणि तीही ओळखण्याची चूकच. आधी तिच्यावर राणीचा मुकुट चढवला, आता माझी साडी नेसवत होते.

तेव्हा मी विचार उलटा केला. मला काय वाटतं ते बाजूला. तिला जे लागतं ते बाटलीत मिळेल, मी रोज लक्ष दिलं तर. पण मी दोन महिन्यांनी जाणार. ती जगली तर दहा वर्षंही जगेल. तिची मुलं शेकड्यांनी होतील, त्यांना बाटली पुरणार नाही. ज्या जिवाची जबाबदारी शेवटपर्यंत घेता येत नाही, त्याला माझ्यावर अवलंबून करून ठेवायचा मला काय हक्क? मामाच्या बोलण्यात खटकत होतं तेही शेवटी हेच होतं. बंद दाराचं एवढं काही नाही. पण किल्ली कायम दुसऱ्याच्या भरवशावर.

हे कारण माझं नव्हतं, तिचं होतं. म्हणून मला ते पटलं.

शेजारच्या अव्वा तेव्हा दारात रांगोळी घालत होत्या. त्यांचं कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी चादरीच्या मागावर काम करायला तेलंगणातून सोलापुरात आलं. आता सगळे पांढरी भुकटी वापरतात, पण अव्वा त्यात चिमूटभर तांदळाचं पीठ घालतातच. मी बाटली दाखवली.

"चीमा," त्या म्हणाल्या. "मोठी हाय की."

"राणी आहे, अव्वा."

"राणी असू दे नाहीतर काय असू दे. पोट हाय का नाही तिला?" आणि त्या परत ठिपके मांडायला लागल्या.

चीमा, इरुवे, च्यूंटी, मुंगी. आमच्या गल्लीत तिला चार भाषांत चार नावं आहेत, शास्त्राचं पाचवं. अव्वांना त्यातलं एक पुरतं, आणि त्या एकावरच त्यांची रोज सकाळी ओळख ठेवून होते. कामकरी की राणी, हे न विचारता.

कडीपत्त्याच्या बुंध्याशी माती ओली आणि भुसभुशीत होती. तिथं कौलाचा एक तुकडा तिरका ठेवला आणि बाटली आडवी केली. ती लगेच बाहेर आली नाही. कापसापाशी बराच वेळ थांबली. मग आली, माती हुंगली आणि कौलाखाली गेली. मी कौल उचलून बघितलं नाही. बघावंसं फार वाटलं.

त्या रविवारी मामाचा फोन आला. मी त्याला म्हटलं, "मामा, एक विचारू? राणीसारखी म्हणजे मी तिथं दिवसभर नेमकं काय करायचं?" तो हसला. मग म्हणाला, "असं काय विचारतेस?" मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. "मी विचारतो त्यांना," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. अजून विचारलेलं नाही बहुतेक.

गणपतीला मी परत घरी आले. ओट्यावर मोदकांसाठी गूळ किसून ठेवला होता, आणि भिंतीच्या कडेनं चार-पाच बारीक काळ्या मुंग्या येत होत्या. मुंगळ्यासारख्याच, पण आकारानं खूप लहान. राणीची पहिली पिल्लं अशीच लहान निघतात, कारण त्यांना सगळं अन्न आईच्या अंगातूनच मिळालेलं असतं. दुसऱ्या कुठल्या वारुळातल्या लहान कामकरीही असतील. कपाळावर लिहिलेलं नसतं. मी भिंग आणलं नाही.

आईनं ड्रॉवरमधून खडू काढला. मग माझ्याकडं बघितलं आणि परत ठेवला. एका परातीत पाणी घेतलं, मधोमध गुळाचा डबा ठेवला. तिची आई असंच करायची म्हणे.

परातीच्या काठाशी येऊन त्या थांबल्या, पाणी हुंगलं आणि वळल्या. आई म्हणाली, "किसताना सांडलंय ते राहू दे तिथंच. खातील."